विहिरीवरचा दिवा

गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयात झोप आणि मोबाईल या विषयावर एक व्याख्यान झाले. झोपण्यापूर्वी तासभर फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, उशाशी तर मुळीच ठेवू नये, असा व्याख्यात्यांचा आग्रह होता आणि माझ्यापुरता तो मला पटला, कारण रात्री अकराला हातात घेतलेला फोन साडेबारापर्यंत सुटत नाही, हा माझाही अनुभव आहे. पण व्याख्यान चालू असताना माझ्या डोळ्यांपुढे सारखी येत होती ती गावाकडच्या घरातली माझ्या वडिलांची, अण्णांची खाट. त्या खाटेच्या उशाशी कित्येक वर्षे एक साधा, बटणांचा फोन असे आणि तो तिथे असे म्हणून अण्णांना झोप लागे. तो नव्हता तेव्हाच्या त्यांच्या रात्री मी पाहिल्या आहेत. यंत्रांनी माणसाचे काय केले, हा प्रश्न कुणी काढला की त्या रात्री हिशेबात धरल्याशिवाय मला उत्तर देता येत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आमचे गाव जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या खोऱ्यात आहे. घर गावठाणात आणि मळा तिथून पाऊण किलोमीटरवर. मळ्यात ऊस, कांदा आणि घरापुरता गहू असतो आणि हे सगळे एका बांधीव विहिरीवर व तिच्यावरच्या पाच एचपीच्या मोटरीवर अवलंबून आहे. विहिरीच्या कडेला एक लोखंडी खांब आहे, त्याच्यावर पत्र्याच्या पेटीत स्टार्टर बसवलेला आहे आणि पेटीच्या वर एक साधा बल्ब आहे. हा बल्ब उजेडासाठी लावलेला नव्हता. तो मोटरीच्या लाइनीवर जोडलेला होता आणि घराच्या ओट्यावरून, मधली झाडे वाचवून, बरोबर दिसेल अशा जागी अण्णांनी तो मुद्दाम बांधला होता. बल्ब लागला म्हणजे लाइट आली, एवढाच त्याचा अर्थ.

शहरातल्या वाचकांना हे थोडे उलगडून सांगावे लागेल. घरातले दिवे, पंखा आणि टीव्ही एका फेजवर चालतात, पण शेतातल्या मोटरीला तिन्ही फेज लागतात. गावठाणाचा पुरवठा आणि शेतीपंपांचा पुरवठा यांची वाटणी झाल्यापासून घरात दिवा जळत असतो आणि तरीही मळ्यात लाइट नसते. शेतीसाठीची तीन फेजची वीज रोज आठ तास मिळायची, आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत ती कधी दहाला येणार, कधी बाराला, असे वेळापत्रक असायचे आणि ते पाळले जाईलच याची खात्री नसायची. त्यामुळे घरातला दिवा पाहून मळ्यातले काहीच कळत नसे. कळे ते फक्त पाऊण किलोमीटरवरच्या त्या पिवळ्या ठिपक्यावरून. अण्णा रात्रीतून चार-पाच वेळा उठत, ओट्यावर येत, विहिरीच्या दिशेने पाहत आणि ठिपका दिसला नाही की परत येऊन पडत. त्याला झोप म्हणायचे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

लाइट आली म्हणून काम झाले असे नाही, कारण मोटर आपोआप सुरू होत नाही. स्टार्टरमध्ये एक कॉइल असते. हिरवे बटण दाबले की ती ओढली जाते आणि वीज असेपर्यंत धरून राहते. वीज गेली की कॉइल सुटते आणि परत वीज आली तरी कुणीतरी जाऊन हिरवे बटण दाबेपर्यंत मोटर बंदच राहते. ही रचना माणसाच्या जिवासाठी केलेली आहे. वीज नाही असे समजून कुणी विहिरीत उतरले असेल किंवा वायर उघडी करून बसले असेल, तर अचानक आलेल्या विजेने त्याचा घात होऊ नये. रचना योग्यच आहे, पण रात्रभरात चार वेळा वीज गेली तर माणसाने चार वेळा अंधारातून विहिरीवर जायचे, हाही तिचाच दुसरा अर्थ होता.

मी आठवीत असताना आई आठ दिवस माहेरी गेली होती, तेव्हा अण्णांबरोबर बॅटरी धरायला मी जात असे. त्यातली एक डिसेंबरची रात्र मला घडीघडीने आठवते. साडेअकराला ठिपका दिसला. अण्णांनी घोंगडी घेतली, फावडे खांद्यावर टाकले आणि मला पायात बूट घालायला लावले, कारण त्या वाटेवर घोणस निघते. विहिरीवर पोचल्यावर त्यांनी पेटी उघडली, पण बटणाला लगेच हात लावला नाही. वर बल्बकडे पाहिले, मग शेजारच्या मळ्याकडे कान दिला आणि मगच हिरवे बटण दाबले. मोटर घुमली. अण्णांनी तळहात पाइपावर ठेवला आणि माझाही हात तिथे ठेवला. पाइप आधी नुसता थरथरत होता. पाणी खालून वर चढते तसा तो हाताखाली गार होत जातो, मग तोंडाशी दोनदा हवा फुरफुरते आणि त्यानंतर पाण्याचा लोट हौदात पडतो. पाइप गार झाला नाही तर फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाशी पाणी धरून ठेवणारी झडप, धरत नाही असे समजायचे. त्या फुटव्हॉल्व्हला आमच्याकडे सगळे फुटबॉलच म्हणतात आणि मी बरीच वर्षे तो खरोखरच चेंडूसारखा असेल असे समजत होते.

मग दारे धरायची. पाण्याला पाटातून एका वाफ्यात वळवायचे, तो भरला की मातीने त्याचे तोंड बंद करायचे आणि पुढच्याचे उघडायचे. कांद्याच्या वाफ्यात पाणी जास्त झाले तर माती बसते आणि कमी झाले तर पुढच्या पाळीपर्यंत रोप तग धरत नाही, म्हणून नजर काढता येत नाही. थंडीत पाय पाण्यात असतात, तळवे बधिर होतात आणि फावड्याचा दांडा ओला होऊन हातातून निसटतो. मध्येच खांबावरचा बल्ब एकदम मंद झाला. मी घाबरले. अण्णा वर न पाहताच म्हणाले, "खालच्या मळ्यातली मोटर सुरू झाली." थोड्या वेळाने तो आणखी मंदावला, तेव्हा त्यांनी दुसऱ्या एका शेजाऱ्याचे नाव घेतले. एकाच डीपीवर, म्हणजे विजेच्या रोहित्रावर, आमच्यासह दहा-बारा मोटरी होत्या आणि कुणाची किती एचपीची आहे, ती सुरू झाली की बल्ब किती खाली येतो, हे त्यांना पाठ होते. मोटर सुरू होताना चालू स्थितीच्या पाच-सहा पट विद्युतप्रवाह खेचते, हे मी पुढे पदविकेच्या पुस्तकात वाचले. अण्णांनी ते बल्बवरून वाचलेले होते.

आवाजावरूनही त्यांना सगळे कळायचे. तीनपैकी एक फेज गेला की मोटर घुमत, कुथत चालते किंवा फिरतच नाही आणि तशी ती काही मिनिटे जरी राहिली तरी आतली तार तापून जळते. त्यापासून वाचवण्यासाठी स्टार्टरमध्ये रिले असतो, पण व्होल्टेज कमी असले की तो वारंवार ट्रिप होतो आणि मोटर चालूच देत नाही. मग वैतागून शेतकरी त्याचा आकडा वाढवून ठेवतात किंवा तो काढूनच टाकतात आणि त्यानंतर मोटरीचे रक्षण फक्त माणसाच्या कानाने होते. आमची मोटर दोनदा जळाली. दोन्ही वेळा अण्णा वाफ्याच्या टोकाला होते आणि वाऱ्यामुळे आवाज ऐकू आला नाही. जळालेल्या तारेवरच्या वार्निशचा एक करपट, गोडसर वास असतो, तो विहिरीजवळ आला की तोंडातले शब्दच जातात. मग साखळी-कप्पी लावून मोटर वर काढायची, नारायणगावला भरायला न्यायची आणि ती भरून येईपर्यंत, म्हणजे तीन-चार दिवस, उभ्या पिकाकडे पाहत बसायचे. दुसऱ्या वेळी कांदा ऐन पोसायला आलेला होता. त्या वर्षीचा कांदा गोल्टीच, म्हणजे बारीकच, राहिला आणि माझ्या वसतिगृहाचे पैसे आईच्या पाटल्यांवर काढले गेले.

जुनी माणसे आणि जुनी यंत्रे यांचे नाते किती जिव्हाळ्याचे होते, नुसत्या आवाजावरून दुखणे कसे ओळखायचे, असे लिहिलेले मी पुष्कळदा वाचते. ते खोटे नाही. मी ज्याच्याविषयी लिहिते आहे तो माणूस बल्बच्या मंदावण्यावरून शेजाऱ्याची मोटर ओळखत होता. पण हे ज्ञान कुठून आले तेही सांगितले पाहिजे. ते वीस वर्षांच्या जागरणातून आले. ज्याला रात्री झोपायला मिळते त्याचा कान इतका तयार होत नाही आणि होऊही नये असे मला वाटते. अण्णांच्या त्या विद्येविषयी मला फार आदर आहे. तरी ती माझ्या भावाला शिकावी लागली नाही, याचे मला मनापासून समाधान आहे.

रात्रीच का, हा प्रश्न मी लहानपणी फार विचारत असे आणि त्याचे नीट उत्तर मला फार उशिरा मिळाले. दिवसा कारखाने, कार्यालये आणि शहरे वीज ओढतात. रात्री ती मागणी उतरते, पण कोळशावरची वीजकेंद्रे संध्याकाळी विझवून सकाळी पेटवता येत नाहीत, ती रात्रीही काही एका पातळीवर चालू ठेवावीच लागतात. मग त्या विजेला गिऱ्हाईक हवे आणि जो मागणी पुढेमागे करू शकतो, निदान जो तक्रार करून थकतो, असा गिऱ्हाईक म्हणजे शेतीपंप. शेकडो किलोमीटरवरच्या बॉयलरची सोय आणि आमच्या ओट्यावरची झोपमोड यांचा असा थेट संबंध होता. अण्णांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, "म्हणजे आपण रात्री त्यांची वीज सांभाळत होतो."

याच्या आधीचा काळ सोपा होता असेही नाही. आजोबांच्या लहानपणी विहिरीवर मोट होती. चामड्याची ती मोट बैलांच्या जोडीने दिवसभर ओढली तरी भिजायचे ते थोडेच रान. नंतर डिझेलवरचे इंजिन आले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली ती लोखंडी नांगरासाठी, पण पुढे शेतकऱ्याच्या तोंडी किर्लोस्कर हे नाव बसले ते इंजिन आणि पंप यांमुळे. आमच्याकडचे इंजिन आजोबांनी इतर दोघांबरोबर भागीत घेतले होते आणि त्याचे चाक हँडलने फिरवून ते सुरू करताना एकाचे मनगट कायमचे अधू झाले होते. १९७० च्या दशकाअखेरीस मळ्यात विजेचे खांब आले तेव्हा आजोबांनी पहिल्या खांबाला हळदकुंकू लावून नारळ फोडला होता. त्या नारळामागची भावना मी समजू शकते. दसऱ्याला आजही आमच्या मोटरीला झेंडूची माळ आणि स्टार्टरच्या पेटीला कुंकवाची पाच बोटे असतात.

रात्रीच्या जागरणावर शेतकऱ्यांनी स्वतः शोधलेला पहिला उपाय म्हणजे ऑटो स्विच. वीज आली की तोच स्टार्टर सुरू करतो, माणूस लागत नाही. आमच्याकडेही तो चार वर्षे होता. पण सगळ्यांनी ऑटो बसवल्यावर जे व्हायचे तेच झाले. लाइट येताच डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होऊ लागल्या, सगळ्यांचा तो पाच-सहा पट प्रवाह एकदम खेचला जाऊ लागला आणि डीपीचे फ्यूज उडू लागले. एके वर्षी डीपीच जळाली. ती बदलून मिळेपर्यंत सोळा दिवस गेले, वर्गणी काढावी लागली, खेटे घालावे लागले आणि त्या सोळा दिवसांत एकमेकांशी कधी वाकड्यात न शिरलेली माणसे तुझ्या ऑटोने जळाली की माझ्या, यावरून भांडली. प्रत्येकाची झोप वाचवणारे साधन सगळ्यांची वीज घालवत होते. शेवटी देवळात बैठक झाली, ऑटो काढायचे ठरले आणि कुणाची मोटर कुणानंतर किती मिनिटांनी सुरू व्हावी याची पाळी लावली गेली. म्हणजे पुन्हा रात्रीचे उठणे आलेच.

त्यात बिबट्या आला. जुन्नर परिसरात बिबट्या उसात राहतो, उसातच त्याची पिल्ले वाढतात, आणि जिथे ऊस तिथेच पाण्याची पाळी. माणिकडोहला बिबट्यांसाठीचे निवारा केंद्र आहे, यावरूनच इथल्या परिस्थितीची कल्पना यावी. रात्री दारे धरताना लोक एकट्याने जाईनासे झाले, मोठ्याने बोलत जाऊ लागले आणि फोनवर भजने किंवा बातम्या मोठ्या आवाजात लावून तो फोन बांधावर ठेवू लागले. दिवसा वीज द्या, ही मागणी आमच्याकडे सोयीची नव्हती, ती जिवाची होती. मी तेव्हा पुण्यात शिकत होते. हिवाळ्यात रात्री जाग आली की आज मळ्यात रात्रीची पाळी आहे की दिवसाची, हे मी मनातल्या मनात मोजत असे.

अशा वेळी, २०१४ च्या दिवाळीनंतर, भावाने साडेचार हजार रुपयांचा मोबाईल स्टार्टर आणला. मोबाईलवरून शेतीपंप चालू-बंद करण्याची कल्पना तेव्हा नवी राहिलेली नव्हती. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी नॅनो गणेश या नावाने असे यंत्र बरेच आधी तयार केले होते आणि पुढे कितीतरी लहानमोठ्या उत्पादकांनी तशी यंत्रे बाजारात आणली. आमचे यंत्र म्हणजे डब्याएवढी एक पेटी होती. तिच्यात एक सिमकार्ड घालायचे आणि ती स्टार्टरला जोडायची. तिन्ही फेज आले की ती ठरलेल्या क्रमांकावर फोन करते. फोन उचलला की एक ध्वनिमुद्रित आवाज मराठीत वीज आल्याचे सांगतो. एक आकडा दाबला की मोटर सुरू, दुसरा दाबला की बंद. एखादा फेज नसेल तर ती मोटर सुरू करत नाही, विहिरीतले पाणी खाली जाऊन मोटर कोरडी चालू लागली तर बंद करते आणि तसे कळवते. जे काम अण्णांचा कान करत होता तेच ती पेटी करत होती आणि तिला वाऱ्याचा अडथळा नव्हता.

पहिल्या रात्री अण्णा फोन उशाशी ठेवून झोपले खरे, पण दोनदा उठून ओट्यावर गेलेच. एकला फोन वाजला. त्यांनी आकडा दाबला आणि लगेच पायात चपला घालून विहिरीवर निघाले, मोटर खरोखर सुरू झाली का ते पाहायला. महिनाभर असेच चालले. भाऊ चिडायचा. मला मात्र ते योग्य वाटत होते. ज्या यंत्राच्या एका चुकीने वर्षाचे पीक जाते, त्याच्यावर माणसाने अनुभव घेतल्यावरच विश्वास टाकावा. जानेवारीत केव्हातरी मी शनिवार-रविवारसाठी घरी गेले होते. रात्री फोन वाजला, अण्णांनी पडल्या पडल्या आकडा दाबला, आवाजाचे वाक्य पूर्ण होईपर्यंत फोन कानाला धरला आणि ते कुशीवर वळले. त्यांच्या घोरण्याचा आवाज मी कितीतरी वर्षांनी सलग ऐकला. आई अंधारात उठून बसली होती. आम्ही दोघी काही बोललो नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मोटर दुरून सुरू झाली तरी पाटाचे पाणी दुरून वळवता येत नाही, म्हणून नुसत्या या पेटीने दारे धरणे संपले नसते. त्याच्या आदल्या वर्षी उसाला ठिबक केले होते आणि पुढे कांद्यालाही केले, तेव्हा कुठे या पेटीचा खरा उपयोग झाला. संध्याकाळी कोणता व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा ते ठरवून यायचे, रात्री मोटर आपली चालायची, पाणी नळ्यांतून मुळाशी जायचे. ज्यांना ठिबक परवडले नाही त्यांना, रात्रीची पाळी होती तोवर, मोबाईल स्टार्टर असूनही रात्री जावेच लागत होते आणि आमच्या शिवारात अशी घरे होती.

मला सर्वांत मोठा वाटतो तो बदल मात्र वेगळाच आहे आणि तो घडेपर्यंत माझ्या लक्षातही आला नव्हता. आईने तोवर आयुष्यात कधी मोटर सुरू केली नव्हती. निंदणी, खुरपणी, कांद्याची लागण, काढणी, बियाणे राखणे ही सगळी शेती तिच्या हातची होती, पण पाणी तिच्या हातात नव्हते. रात्री विहिरीवर बाईमाणसाने जायचे नाही आणि स्टार्टरला हात लावायचा नाही, असा घराचा रिवाज होता. त्यामागे शॉकची भीती होती, अंधाराची होती आणि सवयही होती. अण्णांचे गुडघ्याचे दुखणे वाढल्यावर फोन हळूहळू आईकडे आला. आता कोणत्या वाफ्याला किती तास पाणी, लाइट कधी आली, किती वेळा गेली, हे सगळे ती एका वहीत लिहून ठेवते. जिला पाण्यासाठी दुसऱ्याला उठवावे लागत होते, ती आता पाणी तोडावे की ठेवावे हे ठरवते. गेल्या उन्हाळ्यात अण्णा उसाला आणखी एक तास पाणी द्या म्हणत होते आणि आई म्हणाली, "अहो, विहिरीत तेवढं नाही, पेटीनं दोनदा मोटर बंद केलीय." अण्णांनी ऐकले.

जिथे यंत्र दुरून सुरू होते तिथे नवा धोकाही येतो आणि तो आमच्या घराने जवळून पाहिला आहे. भाऊ विहिरीत उतरून फुटबॉलमध्ये अडकलेला गाळ काढत होता आणि घरी आईच्या हातातला फोन वाजला. तिने सवयीने आकडा दाबायला बोट नेले आणि त्याच क्षणी तिला आठवले. त्या दिवसापासून अण्णांचा एक नियम आहे. जो विहिरीत उतरेल त्याने आधी पेटीतले तिन्ही चिनीमातीचे फ्यूज काढायचे आणि ते स्वतःच्या खिशात घालूनच उतरायचे, पेटीवर ठेवायचे नाहीत. मोबाईल स्टार्टर असणाऱ्या प्रत्येकाला मी हा नियम सांगते आणि इथेही मुद्दाम लिहून ठेवते.

पेटीतले सिमकार्ड ही एक वेगळीच विवंचना होऊन बसली आहे. पूर्वी त्यात थोडे पैसे टाकले की महिनोनमहिने पाहावे लागत नसे, कारण पेटी फार बोलत नाही. आता ठरावीक दिवसांनी रिचार्ज केले नाही तर येणारे फोनही बंद होतात. एकदा मी रिचार्ज करायला विसरले आणि दोन रात्री पेटी मुकी राहिली. लाइट आली आणि गेली, कांद्याची एक पाळी चुकली. चूक माझी होती, पण महिन्यातून जेमतेम पन्नास वेळा चार शब्द बोलणाऱ्या यंत्राला माणसाइतकाच रिचार्ज का लागावा, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांची वीज २०२४ पासून मोफत झाली आहे, त्यामुळे आमच्या मोटरीचा नियमित रोख खर्च आता या सिमकार्डाचाच उरला आहे.

आणि आता दिवसाची वीज आली आहे. राज्यात २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, २०२३ पासून तिचा वेग वाढला आणि आमच्या शिवाराला वीज देणाऱ्या वाहिनीवर ती गेल्या हिवाळ्यात पोचली. उपकेंद्राजवळच्या माळावर सौर पट्ट्या उभ्या राहिल्या, त्यांची वीज सूर्य असेपर्यंतच असते आणि ती शेतीपंपांना दिली जाते. रात्रीची वीज उरते म्हणून आम्ही रात्री जागत होतो. आता दिवसा वीज तयार होते म्हणून आम्हाला दिवसा मिळते. कारण बदलले आणि वेळापत्रक उलटले. आमच्या शिवारात संध्याकाळनंतर आता मोटरींचा आवाज नसतो. इतका सन्नाटा मी लहानपणी कधी ऐकला नव्हता.

दिवाळीत घरी गेले होते तेव्हा रात्री दोनच्या सुमारास दाराची कडी वाजली. उठून पाहिले तर अण्णा ओट्यावर उभे होते, घोंगडी अंगावर होती आणि तोंड विहिरीकडे. तिकडे काळोख होता. आतून आई म्हणाली, "अहो, या आता. ती नऊला येते." अण्णा थोडा वेळ तसेच उभे राहिले, माठातले पाणी प्यायले आणि आत जाऊन झोपले.

सकाळी नऊला फोन वाजला, आईने आकडा दाबला आणि वहीत वेळ लिहिली. मी मळ्यात गेले तर अण्णा माझ्या आधीच तिथे होते. खांबावरचा बल्ब लागलेला होता, पण उन्हात तो लागला आहे हे अगदी जवळ गेल्यावरच कळत होते. अण्णांनी तळहात पाइपावर ठेवला होता आणि पाइप गार व्हायची ते वाट पाहत होते.